कुलूपमास्तर

माझे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या कामाबद्दल कुणी ब्र काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. घरच्यांची तक्रार एकच, की हा माणूस दिसेल त्याला कुलूप लावतो. मशीन रूमला लावतात ते ठीक आहे, त्याचा कंपनी पगार देते. पण औषधांच्या डब्याला? बाल्कनीतल्या झाडूच्या कपाटाला? "झाडू कोण चोरणार आहे?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चोरण्याचा प्रश्न नाही गं. काही उघडं दिसलं की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही." कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. जिन्यातून येताना आधी जुडगा ऐकू येतो, मग भाऊजी दिसतात. कंपनीत सगळे त्यांना कुलूपमास्तर म्हणतात, आणि ते त्यांना मनातून आवडतं असा माझा संशय आहे.

हे वेड त्यांना लावलं त्यांच्या उस्तादांनी. भाऊजी नवशिके असताना हे दोघं एका इमारतीतली लिफ्ट नीट करून चहाला गेले, आणि निघताना भाऊजींनी मशीन रूमचं दार नुसतं लोटून घेतलं. परत येऊन बघतात तर कुणा बाईनं विजेच्या पॅनलवर ओल्या चादरी वाळत घातलेल्या. मशीनची ऊब बरी वाटली असेल बिचारीला. जीव गेला नाही हे त्या बाईचं नशीब. उस्तादांनी चादरी काठीनं बाजूला केल्या, त्यांच्या घड्या घातल्या, नेऊन दिल्या, आणि मग सावकाश येऊन भाऊजींच्या कानाखाली एक ठेवून दिली. म्हणाले, "लिफ्ट चालली म्हणजे काम झालं असं नाही. कुलूप लागलं म्हणजे काम झालं." भाऊजींनी दुसरं काही इतक्या मनावर घेतल्याचं मला आठवत नाही. लग्नसुद्धा नाही.

माझी ताई त्यांच्या अगदी उलट. कपाटांची दारं सताड उघडी, बरण्यांची झाकणं नुसती वर टेकवलेली, आणि तोंड तर तिनं कधी बंद ठेवलंच नाही. हे वाक्य पूर्वी मी चारचौघांत हसत सांगायचे. आता लिहितानाही हात अडखळतो.

ताई गाडी चालवायला शिकवते. आवाज असा, की तिनं "क्लच सोडा" म्हटलं तर शेजारच्या गाडीतला माणूसही क्लच सोडेल. शिकायला येणारे आधी तिला घाबरायचे, मग गाडीला. घरी आल्यावर गिअर बदलायची तिला सवय नव्हती. भाऊजी जमिनीवर काहीतरी उघडून बसलेले असायचे आणि ताई दारातूनच सुरू व्हायची. स्क्रू पायात येतात, टॉर्च जागेवर नाही, तेलाचे हात पडद्याला पुसलेत. भाऊजी मान खाली घालून ऐकायचे. लोकांना वाटायचं, बिचारा किती सोसतो. मला तसं कधी वाटलं नाही. तिचं बोलणं थांबलं की तेच वर बघून विचारायचे, "झालं? की अजून आहे?" आणि अजून असायचं.

मग तिचा आवाज बसला. बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. ताईनं विचारलं, "थोडासुद्धा?" डॉक्टर म्हणाले, थोडासुद्धा नाही.

दवाखान्यातल्या एका नर्सनं आम्हाला त्या ॲपबद्दल सांगितलं. ऑपरेशनच्या आधी माणसानं बरीच वाक्यं फोनमध्ये वाचून ठेवायची. त्यावरून फोन त्याचा आवाज शिकतो, आणि नंतर टाइप केलं की त्या आवाजात बोलतो. भाऊजींनी त्याच संध्याकाळी ताईसाठी चांगला नवा फोन आणला.

आवाज भरायला शांतता हवी आणि आमच्या रस्त्यावर ती कुठून मिळणार? भाऊजींनी कपड्यांचं मोठं कपाट अर्धं रिकामं केलं, आत स्टूल ठेवलं, आणि ताईला त्यात बसवून दार लावून घेतलं. पंखा बंद, फ्रिज बंद. तरी इमारतीच्या लिफ्टची घरघर भिंतीतून यायचीच. तेव्हा या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एक धडधाकट लिफ्ट बंद ठेवली. "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी लावली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना स्वतः हाताला धरून जिन्यानं पोचवलं, आणि परत येऊन कपाटाबाहेर राखणीला उभे राहिले.

आतून ताईचा आवाज यायचा. "तळ्याकाठी पाच बगळे शांत उभे होते." मग, "अहो, मी जन्मात कधी बगळ्यांबद्दल बोललेय का?"

"वाच गं," भाऊजी बाहेरून म्हणायचे. "त्यांना सगळ्या अक्षरांचे आवाज हवे असतात."

"मग माझी वाक्यं घ्यावीत त्यांनी. माझ्यात सगळी अक्षरं आहेत."

आपल्या मनची वाक्यं घालायची सोयही त्यात निघाली. मग काय विचारता. बगळे उडून गेले आणि ताईनं मनापासून बोलायला घेतलं. आरसा बघा, मागचा, मागचा. अहो, ते स्क्रू आधी उचला. मी काय बहिरी आहे? चहा टाका, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी टाका, तोंड बघा कसं उतरलंय. आवाज आधीच घोगरा झाला होता, अधूनमधून तुटायचा, पाणी पिऊन ती पुन्हा सुरू करायची. बाहेर भाऊजी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं फोन मागितला, बराच वेळ एका बोटानं टाइप करत राहिली, आणि फोन तिच्या आवाजात म्हणाला, "उशी पातळ आहे." भाऊजी उशी आणायला म्हणून गेले ते येईचनात. मी बघायला गेले तर बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे.

आवाज अगदी शंभर नंबरी नव्हता. वाक्याच्या शेवटी जरा सपाट पडायचा, आणि प्रश्न विचारला तरी उत्तर दिल्यासारखा वाटायचा. पण तिचाच होता. तिनं फोन गाडीत समोर अडकवला आणि पुन्हा शिकवायला लागली. नेहमीच्या सूचना एकेका बटणावर ठेवलेल्या, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पायाशी तिचा वेगळा ब्रेक होताच. घरी आली की खुर्चीत बसून टाइप करायची आणि फोन भाऊजींना रागवायचा. टाइप करायला वेळ लागतो. भाऊजी हातातलं काम ठेवून तेवढा वेळ वाट बघायचे.

आता फोनचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. फोन नवा आणला त्याच दिवशी, त्यात काही भरायच्या आधी, भाऊजींनी तो रूट केला होता. म्हणजे काय ते त्यांनी मला त्यांच्या भाषेत समजावलं होतं. "फोन तू पैसे देऊन घेतलास तरी त्यात तू पॅसेंजरच. बटण दाबायचं, दार उघडलं की बाहेर पडायचं. मशीन रूमची किल्ली कंपनीकडे. रूट करणं म्हणजे ती किल्ली आपल्याकडे घेणं."

"घेऊन काय करणार?"

"करायचं काय? किल्ली असावी जवळ."

पण ही किल्ली मिळवायची तर आधी फोनचं बाहेरचं कुलूप उघडावं लागतं. त्याला बूटलोडर म्हणतात. ते उघडताना फोन आपल्या पोटातलं सगळं पुसून टाकतो, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. तेव्हा फोन कोराच होता, पुसायला काही नव्हतंच. अडचण वेगळीच होती. किल्ली जवळ ठेवायची असेल तर बाहेरचं कुलूप कायम उघडं ठेवावं लागतं. त्यामुळे फोन चालू केला की दर वेळी आधी काळ्या पडद्यावर सूचना यायची, की या फोनचं कुलूप उघडलेलं आहे, यावर विसंबू नका. घरात तेवढी एकच वस्तू उघडी होती आणि ती भाऊजींना कुसळासारखी सलायची. त्यात त्यांनी कुठेसं वाचलं, की भामटे लोक एखाद्याचा आवाज पळवतात आणि त्या आवाजात नातेवाइकांना फोन करून पैसे उकळतात. झालं. तेव्हापासून ताई फोन कुठे विसरली की हे हातातलं काम टाकून धावायचे.

फोनला अपडेट आलं होतं. रोज विचारायचा, आता करू की नंतर? भाऊजींनी ताईला बजावून ठेवलं होतं की मी घरी असल्याशिवाय हात लावायचा नाही. एक दिवस सिग्नलला तिच्या विद्यार्थिनीची गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ, पोरगी रडकुंडीला आलेली, ताई क्लचचं बटण दाबायला जाते तर मध्ये ही सूचना. घालवून टाकावी म्हणून तिनं अंगठा मारला, तो नेमका "आता"वर पडला.

घरी येईपर्यंत फोनचं रूपच पालटलं होतं. अक्षरं गोल झाली, रंग बदलले, आणि आवाजाचं ॲप उघडेना. हे ॲप जुन्या सिस्टीमसाठी बनवलेलं आहे, एवढंच म्हणायचं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला होता. पत्र लिहायचं तरी कुणाला? आणि अपडेटनं भाऊजींची किल्लीही नेली होती. "मशीन रूमचं दारच बदललं," ते म्हणाले आणि फोन उलटसुलट करून बघत बसले, जसं काही मागच्या बाजूला एखादा स्क्रू सापडणार आहे.

पुढचे काही आठवडे ताई पाटीवर लिहून बोलली. खडूनं रागवायला फार वेळ लागतो. लिहून होईपर्यंत समोरच्या माणसानं स्क्रू उचललेले असतात. शिकवणं तिनं बंद ठेवलं. जेवताना आमच्या घरात भांड्यांचा आवाज इतका होतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भाऊजींनी मात्र पिच्छा सोडला नाही. कामावरून आले की व्हिडिओ बघायचे, कुठल्या कुठल्या लोकांना प्रश्न विचारायचे. शेवटी त्यांना वाट सापडली. दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं एक नवं ॲप होतं. जुन्या आवाजाच्या फाइली त्याला दिल्या तर ते त्याच आवाजात बोलणार होतं. पण फाइली पडल्या होत्या जुन्या ॲपच्या बंद खोलीत, आणि तिथे किल्लीशिवाय जाता येत नव्हतं. म्हणजे फोन पुन्हा रूट करायचा, फाइली बाहेर काढायच्या, नव्या ॲपला द्यायच्या. बाहेरचं कुलूप उघडंच असल्यामुळे या वेळी काही पुसलं जाण्याची भीती नव्हती. ताईनं पाटीवर लिहिलं, "नक्की?" भाऊजींनी त्याखाली लिहिलं, "नक्की." बोलायचं सोडून हे कशाला लिहीत बसले, देव जाणे.

रविवारी दुपारी त्यांनी कामाला हात घातला. ताई शिकवते त्या ड्रायव्हिंग स्कूलचा लॅपटॉप मागून आणला होता. टेबलावर वायरी, चष्मा, दिवा. मी मटार सोलायच्या निमित्तानं तिथेच बसले होते. नव्या सिस्टीमच्या जोडीची म्हणून त्यांनी एक फाइल उतरवून घेतली, आणि पाठवायच्या आधी तिचा नंबर पुन्हा एकदा ताडून बघितला. शेवटचा आकडा वेगळा होता. "ही गेली असती तर फोन उठलाच नसता," ते शांतपणे म्हणाले, आणि बरोबर नंबरची फाइल शोधायला लागले. बहुतेक लोक इथेच चुकतात, असं त्यांनी मला सांगितलं. ते चुकले नाहीत. मला ते सारखं आठवतं, की जिथे चुकायला हरकत नव्हती, जिथे चूक निस्तरता आली असती, तिथे हा माणूस चुकला नाही.

फोन उठला. किल्ली मिळाली. फाइली निघाल्या. नव्या ॲपनं जरा नखरे केले, थोडा वेळ गोल गोल फिरत राहिलं, आणि तयार झालं. भाऊजींनी फोन ताईपुढे सरकवला. तिनं टाइप केलं.

"केवढा पसारा केलाय टेबलावर."

मटाराचं ताट माझ्या मांडीवरून सांडलं. ताई त्यानंतर थांबेचना. इतक्या आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. पाटीवर लिहायचं राहून गेलेलं, दूधवाल्याबद्दलचं, माझ्या नव्या कुर्त्याच्या रंगाबद्दलचं, भाऊजींच्या वाढलेल्या केसांबद्दलचं. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. तिनं थांबून श्वास घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं? की अजून आहे?"

"अजून आहे," फोन म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊजी, त्या आवाजाची एक कॉपी लॅपटॉपवर टाकून ठेवा बाई आधी."

"लॅपटॉप लोकांचा आहे. आपल्या घरचा आवाज लोकांच्या कपाटात कशाला? उद्या पेन ड्राइव्ह आणतो." तोवर म्हणून त्यांनी एक कॉपी फोनमध्येच दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तसं हे झालं. पण तेव्हा ते ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

ताई आंघोळीला उठली. गळ्याचं भोक जपत आंघोळ करायची म्हणजे तिला वेळ लागतो. जाता जाता तिनं टेबलाशी वाकून टाइप केलं आणि फोन म्हणाला, "तो लॅपटॉप उद्या परत द्यायचाय, लक्षात ठेवा." त्या आवाजातलं हे शेवटचं वाक्य. काही चांगलं तरी म्हणायचं होतं.

भाऊजींनी मग आवरायला घेतलं. आवरणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो, ते घाईनं कधी करत नाहीत. फोनमध्ये बदललेली फाइल काढून मूळची परत बसवली. किल्ली आता नको होती, आवाज नव्या ॲपमध्ये सुखरूप होता. आणि किल्ली नको म्हणजे बाहेरचं कुलूप उघडं ठेवायचं कारणही उरलं नव्हतं. आता बंद करता येणार होतं. ती काळी सूचना जाणार होती. कुणी भामटा फोन पळवून तिचा आवाज काढून घेणार नव्हता. मला म्हणाले, "आता हिला कुणी हात लावू शकणार नाही." फोनबद्दल म्हणाले की ताईबद्दल, मी विचारलं नाही.

लॅपटॉपवर त्यांनी हुकूम टाइप केला. फोनच्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत मजकूर आला आणि खाली हो की नाही. त्यांनी वाचलंच नाही असं म्हणता येणार नाही. पहिल्या दोन ओळी त्यांनी ओठ हलवत वाचल्या. कुलूप लावल्यानं फोन सुरक्षित होईल, असं काहीसं होतं. पुढचं नजरेखालून घातलं. ज्या माणसाचा जन्म धोक्याच्या पाट्यांखाली काम करण्यात गेला तो प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचत नाही. उघडताना सगळं पुसलं जातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. बंद करतानाही पुसलं जातं, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. काही बंद केल्यानं कुणाचं नुकसान झालेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यांनी "हो" दाबलं. "लागलं कुलूप," म्हणाले आणि वायर काढून तिची गुंडाळी करायला लागले.

फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला. काळी सूचना आली नाही. कंपनीचं चिन्ह आलं, बराच वेळ राहिलं, आणि मग पांढऱ्या पडद्यावर एकेका भाषेत अक्षरं उमटायला लागली. हॅलो. वेलकम. मग आपल्या भाषेत, स्वागत आहे. खाली, भाषा निवडा. भाऊजी बघत राहिले. हातातली वायर अर्धी गुंडाळलेली होती, ती त्यांनी तशीच धरून ठेवली. मी म्हटलं, "काय झालं?" त्यांनी लॅपटॉपवर तोच इंग्रजी मजकूर शोधून उघडला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला, आणि एक ओळ बोटानं धरून वाचली. ती तिसरी ओळ होती.

माझ्या जिभेवर काय काय आलं ते मी इथे लिहीत नाही. न्हाणीघरातलं पाणी थांबलं होतं. मी सगळं गिळलं.

ताई केस पुसत बाहेर आली आणि तिनं फोनसाठी हात पुढे केला. भाऊजींनी फोन दिला नाही. छातीशी धरून बसले. ती एवढी वर्षं त्यांच्याबरोबर संसार करते आहे, तिला सांगावं लागत नाही. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली, फोन घेतला, पडदा बघितला. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि भाषा निवडली. पुढचं पान आलं, ते भरलं. वायफायचा पासवर्ड घातला. आम्ही दोघं नुसते बघत होतो. शेवटी तिनं फोनमध्ये आयता असतो तो आवाज सुरू केला आणि टाइप केलं. कुणा अनोळखी, शिकल्यासवरलेल्या बाईनं स्वच्छ शब्दांत सांगितलं, "अपडेट मी दाबलं होतं."

भाऊजी म्हणाले, "कुलूप मी लावलं."

त्यापुढे त्या विषयावर दोघांमध्ये एक शब्द झालेला नाही.

आवाज परत मिळवून देतो म्हणणाऱ्या दुकानांचे उंबरे भाऊजींनी झिजवले. सगळीकडे एकच उत्तर. जुने व्हिडिओ शोधले, तर त्यांत ताई कुठे सापडते? सगळे तिनंच काढलेले, आणि मागून वाजंत्री. त्यातून आवाज बनेल एवढं काही हाती लागलं नाही. कंपनीतल्या मशीन रूमना ते अजून कुलूप लावतात, लावावंच लागतं. घरातली कुलपं मात्र त्यांनी काढली. सगळी एका पिशवीत भरून भंगारवाल्याला दिली. ताईनं अडवलं नाही. मला वाटलं होतं, अडवेल.

ती आता त्या आयत्या आवाजात बोलते. गाडी शिकवते, बाजार करते, काही अडत नाही. फक्त भाऊजींना रागवणं तिनं सोडलं. टाइप करायला सुरुवात करते, पहिलाच शब्द त्या बाईच्या तोंडून ऐकते, आणि उरलेला पुसून टाकते. स्क्रू स्वतः वाकून उचलते. भाऊजी मला एकदा म्हणाले, "ही बाई रागवतच नाही गं. बातम्या देते."

आम्हा बहिणींचे आवाज सारखे आहेत. फोनवर तर आमची आईसुद्धा फसायची. तेव्हा मी ताईला म्हटलं, माझी वाक्यं भर ॲपमध्ये, बसते मी कपाटात. तिनं मान हलवली आणि टाइप केलं, "तुझा आवाज तुझ्यापाशीच राहू दे. ह्यांच्या मागे दोन-दोन बहिणी कशाला?" ताईचा विनोद होता, पण त्या बाईनं तो हवामानासारखा वाचला, आणि कुणीच हसलं नाही.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मागच्या आठवड्यात दुपारी डॉक्टर जेवायला गेले होते, बाकं रिकामी होती, आणि भाऊजी आले. मला वाटलं दात दुखतोय. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले.

"तुला माझा राग आलाय," ते म्हणाले.

"नाही हो."

"आलाय. त्या दिवसापासून आलाय. ती मला बोलत नाही. एकदाही बोलली नाही. तू तरी बोल."

मी म्हटलं, जाऊ द्या. ते उठेनात. मग मला खरंच राग आला, आणि एकदा आल्यावर कुठे थांबतोय? मी म्हटलं, तिसरी ओळ वाचायला काय धाड भरली होती तुम्हाला? डोळे कशासाठी दिलेत? सगळ्या जगाला कुलपं लावत फिरलात, एका पेन ड्राइव्हला तुमची काय संध्याकाळ जात होती? बायको आतून येईपर्यंत दम धरवला नाही? मी मेली कानीकपाळी ओरडतेय कॉपी करा, कॉपी करा, तर म्हणे लोकांचं कपाट. लोकांच्या कपाटात असता तर आज असता तरी. बोलता बोलता माझा आवाज चढला, टिपेला गेला, आतल्या खोलीतून कंपाउंडर डोकावून गेला. आणि मग मला दिसलं की भाऊजींनी डोळे मिटलेले आहेत. मान खाली, हात गुडघ्यांवर, चेहरा निवलेला. मी काय म्हणते आहे ते ते ऐकतच नव्हते.

मी गप्प झाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "थांबू नकोस गं."

मी ग्लासातलं पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.